दिवस जाण्याआधीचे दिवस

मराठीत बाई गरोदर राहिली की 'तिला दिवस गेले' म्हणतात. लहानपणी आमच्या पिंपळगाव राजाला ओट्यावर बसलेल्या बायका आवाज खाली आणून हे बोलायच्या तेव्हा मला वाटायचं, दिवस तर सगळ्यांचेच जातात, यात कुजबुजण्यासारखं काय? (पिंपळगाव राजा म्हणजे तालुका खामगाव, जिल्हा बुलढाणा. पुण्यात दर दुसरा माणूस 'नाशिकचं का?' असं विचारतो. ते पिंपळगाव बसवंत.) अर्थ कळायला काही वर्षं गेली, आणि शब्द किती नेमका आहे हे कळायला लग्न व्हावं लागलं. टेस्ट नाही, किट नाही, सोनोग्राफी नाही. पाळीची तारीख येऊन गेली, वर आणखी दिवस गेले, एवढीच काय ती खबर.

आजचा विषय त्याच्याही आधीच्या दिवसांचा. आयव्हीएफमध्ये एम्ब्रियो ट्रान्सफर झाल्यापासून रक्ताच्या तपासणीपर्यंत जे बारा-चौदा दिवस असतात ते. आम्ही त्यातून दोनदा गेलोय. बायकोची परवानगी घेऊन लिहितोय. तिने मसुदा वाचून दोन परिच्छेद उडवले आणि एक स्वतः घातला. नेहमीसारखा इतिहासच लिहिणार आहे, घाबरू नका, पण या वेळी आमच्या घराची गोष्ट वगळून लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

पहिल्या वेळी ट्रान्सफर झाली आणि नर्सने एक छापील कागद हातात दिला. कुठलं औषध किती वाजता, जड उचलू नका, आणि खाली पेनाने लिहिलेली चौदाव्या दिवसाची तारीख. बस. त्याआधीचा महिनाभर रोज काहीतरी होतं. इंजेक्शनं, एक दिवसाआड सोनोग्राफी, आज फॉलिकल किती, उद्या डोस किती. रोज कुणीतरी एक आकडा सांगायचं आणि आम्ही त्यावर चर्चा करायचो. मग एकदम शांतता. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस चालू आहे पण लॉग बंद. चालू आहे की हँग झालंय हे कळायचा मार्ग नाही, आणि बंद करून परत सुरू करायचीही सोय नाही.

पाचव्या दिवशी आम्ही घरीच किट लावलं. दुसरी रेघ आली. फिकट होती, पण होती. ट्यूबलाइटखाली बघितली, मग खिडकीत, मग मोबाइलचा टॉर्च लावून. मी गावाला आईला फोन केला. ती फोन चालू ठेवूनच देवाजवळ साखर ठेवायला गेली, मला वाटीचा आवाज आला. आठव्या दिवशी रेघ नव्हती. चौदाव्या दिवशी रिपोर्टवर आकडा दोनपेक्षा कमी.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. अंडी काढण्याआधी जे ट्रिगर इंजेक्शन दिलं होतं ते एचसीजीचंच होतं, म्हणजे किट जे शोधतं तेच. ते अंगातून पूर्ण जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. आम्ही पाहिली ती इंजेक्शनची रेघ. मला आईला दुसरा फोन करावा लागला. त्या फोनबद्दल लिहीत नाही.

एवढं झाल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला (उशिराच!). हे चौदा आले कुठून? तर असं आहे. फलन झाल्यावर साधारण सहा ते दहा दिवसांत भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला लागतो आणि त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी बनवायला लागतात. सुरुवातीला ते इतकं कमी असतं की कुठल्याच यंत्राला दिसत नाही. मग दोन-तीन दिवसांत दुप्पट, पुन्हा दुप्पट. फार लवकर तपासलं तर 'नाही'चा अर्थ नाही असाच असेल असं नाही, आणि आमच्यासारखं झालं तर 'हो'चा अर्थ हो असेल असंही नाही. चौदा दिवस थांबायला सांगतात ते या दोन्ही चुका टाळायला.

दुसरी गोष्ट कोणीतरी आम्हाला आधी ठळक अक्षरांत सांगायला हवी होती. या दिवसांत बाईला प्रोजेस्टेरॉन देतात. त्याने छाती दुखते, पोट फुगतं, झोप येते, रडू येतं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाही हेच होतं, कारण तेव्हाही शरीरात प्रोजेस्टेरॉनच वाढलेलं असतं. म्हणजे लक्षणांवरून कळण्यासारखं काहीही नसतं. शून्य. बायको रोज रात्री 'आज जास्त दुखतंय' किंवा 'आज अजिबात दुखत नाहीये' सांगायची आणि दोन्हींवर आम्ही तासभर गूगल करायचो.

माणसाला एचसीजी दिसायला लागून जेमतेम शंभर वर्षं होतायत. त्याआधी जे होतं ते धान्य. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये कृती आहे: बाईने गव्हावर आणि जवावर रोज लघवी करायची, काहीही उगवलं तर ती गरोदर, काहीच नाही उगवलं तर नाही. गंमत म्हणजे १९६३ साली इजिप्तमधल्या संशोधकांनी हे खरंच करून पाहिलं, आणि गरोदर बायकांच्या बाबतीत साधारण सत्तर टक्के वेळा धान्य उगवलं. (जव उगवला तर मुलगा, गहू उगवला तर मुलगी, हा भाग मात्र साफ चुकला.) मग एकदम विसावं शतक. १९२७-२८ मध्ये बर्लिनला आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी उंदराच्या पिलांना टोचून त्यांच्या अंडाशयात काय होतं ते पाहिलं. निकालाला पाच दिवस आणि पाच उंदीर. १९३१ ला अमेरिकेत फ्रीडमनने ससे वापरले, दोन दिवस. मग दक्षिण आफ्रिकेतला बेडूक आला. त्याच्या मादीला टोचलं की ती काही तासांत अंडी घालायची, आणि मुख्य म्हणजे तिला मारावं लागत नसे. हजारो बेडूक जहाजांनी जगभर गेले. १९६० नंतर प्राण्यांची सुटका झाली, आणि १९७२ मध्ये रक्तातल्या एचसीजीचा बीटा भाग वेगळा ओळखायची पद्धत आली. आज लॅबवाला 'बीटा' म्हणतो ती हीच.

घरच्या किटची कथा एका ग्राफिक डिझायनरची आहे. १९६७ मध्ये मार्गारेट क्रेन नावाची बाई ऑर्गनॉन कंपनीत कॉस्मेटिक्सचं काम करायला आली होती. लॅबमध्ये टेस्ट ट्यूबची रांग बघून तिने विचारलं हे काय, आणि घरी जाऊन पेपरक्लिपच्या प्लास्टिक डबीतून नमुना केला. कंपनीतल्या लोकांना भीती ही, की बायका स्वतःच तपासायला लागल्या तर डॉक्टर नाराज होतील. अमेरिकेत ते किट १९७७-७८ च्या सुमाराला दुकानात आलं. आज आमच्या गावात आशाताईंच्या पिशवीत 'निश्चय' नावाचं सरकारी किट असतं, पाच मिनिटांत उत्तर. नाव काय सुंदर ठेवलंय नाही? पण आमच्यासारख्यांना ते किट दहा दिवस आधी हाताशी असणं हाच त्रास होता.

धान्यावरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी असते. संध्याकाळी गावाबाहेर शेतात मोठं वर्तुळ करून अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याने भरलेला करवा, पापड, कुरडई, सांडोई, पानसुपारी. रात्रभर तिथे कुणी जायचं नाही. पहाटे जाऊन बघायचं, कुठलं धान्य सरकलं, कुठलं ढेकूळ ओलं झालं, आणि त्यावरून पाऊस, पीक, राजा, सगळ्याचं भाकीत. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी विरोध करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात दरवर्षी छापून येतं, आणि माझे बाबा दरवर्षी 'काही अर्थ नाही त्यात' म्हणून पूर्ण बातमी वाचतात. मी कॉलेजात असताना यावरून त्यांची टिंगल करायचो. आता करत नाही. टॉर्च लावून फिकट रेघ शोधणाऱ्या माणसाने भेंडवळच्या ढेकळांना काय हसायचं? पेरणीला दीड महिना आहे, हातात करण्यासारखं काही नाही, आणि सगळं वर्ष त्यावर अवलंबून. अशा वेळी माणूस कशातही खूण शोधतो.

आपल्या इतिहासात एका बाईच्या पोटाकडे डोळे लावून अख्खं राज्य बसलं होतं. प्रसंग सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, फक्त आपण तो 'बारभाई कारस्थान' या नावाखाली पाच मार्कांसाठी पाठ केला. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय १८. बायको गंगाबाई गरोदर. मुलगा झाला तर वारस, मुलगी झाली तर राघोबादादांना रान मोकळं. सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी सगळा डाव या एका शक्यतेवर लावला. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले.

यावर मी एक हिशेब केला. (एक्सेल उघडलं, खोटं कशाला बोलू.) ३० ऑगस्ट ते १८ एप्रिल म्हणजे २३१ दिवस. गर्भधारणेपासून जन्मापर्यंत सरासरी २६६. बाळ पूर्ण दिवसांचं धरलं तर खुनाच्या रात्री गर्भ जेमतेम पाच आठवड्यांचा होता. पाळी चुकून तीन आठवडे. त्या काळात याला बातमी म्हणत नाहीत, शंका म्हणतात. म्हणजे नवऱ्याचा खून झाला त्या दिवशी गंगाबाईलाही नक्की माहीत नसणार. मूल हललेलं कळतं ते अठरा-वीस आठवड्यांनी, म्हणजे इथे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. तिला पुरंदरावर हलवलं ते जानेवारी १७७४ मध्ये. बारभाईंनी खात्री होईपर्यंत दम धरला असावा असं मला वाटतं. (हा माझा अंदाज. इतिहासकारांनी दगड मारू नयेत.)

आणि मग ती गडावर आणि हे सगळे खाली थांबलेले. नुसते थांबले नाहीत हं. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला लढाई झाली, त्यात त्र्यंबकराव पेठे पडले. ग्रँट डफने तर अशी वदंता नोंदवून ठेवलीय की गडावर आणखी काही गरोदर ब्राह्मण बायका नेऊन ठेवल्या होत्या, मुलगी झालीच तर बदलायला मूल हाताशी असावं म्हणून. खरं असो वा खोटं, वदंतेवरून वातावरण कळतं. ज्यांना थांबता येत नाही ते बाईभोवती पहारा उभा करतात. पुस्तकांत या महिन्यांतल्या मसलतींची पानंच्या पानं आहेत. गंगाबाई येते ती 'गरोदर' एवढ्या एका शब्दापुरती. मुलगा तीन वर्षांचा होतो न होतो तोच, १७७७ मध्ये, ती गेली.

आता दोनशे वर्षं पुढे. ब्रिस्टलची लेस्ली ब्राउन. नऊ वर्षं प्रयत्न करून मूल नाही, दोन्ही नळ्या बंद. नवरा जॉन रेल्वेत ट्रक चालवायचा. १० नोव्हेंबर १९७७ ला ऑल्डहॅमच्या दवाखान्यात पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिचं एक अंडं काढलं. हो, एकच, इंजेक्शनं देऊन दहा-बारा अंडी वाढवायची पद्धत त्यांनी तोवर सोडून दिली होती. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी ते फलित केलं, अडीच दिवसांनी आत सोडलं, आणि लेस्ली घरी जाऊन थांबली. तिने नंतर सांगितलंय की तिला वाटत होतं अशी शेकडो मुलं आधीच जन्मलेली असतील. एकही जन्मलेलं नव्हतं! मला हे वाचून आधी राग आला, मग वाटलं, त्या काही आठवड्यांत तिला झोप लागली असेल तर ती या गैरसमजामुळेच.

रक्ताचे आणि लघवीचे नमुने पाठवायचे आणि पोस्टाची वाट बघायची. एडवर्ड्सचं पत्र ६ डिसेंबरचं आहे. म्हणजे अंडं काढल्यापासून सव्वीस दिवस. पत्रात लिहिलं होतं की सुरुवातीचे निकाल आशादायक आहेत, तेव्हा जरा शांतपणे घ्या, डोंगर चढणं, बर्फावरून घसरणं वगैरे नको, नाताळची खरेदीसुद्धा बेताने. म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या आईलाही 'जड उचलू नका' होतंच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, २५ जुलै १९७८, लुईज. पण ऑल्डहॅमच्या नोंदवह्या अलीकडे काही संशोधकांनी नीट तपासल्या त्यात एक आकडा आहे. तिथे १९६९ ते १९७८ मध्ये २८२ बायका उपचारासाठी आल्या. मुलं झाली दोन. बाकीच्यांचीही दारात पोस्टमन दिसला की अशीच धडधड झाली असणार, पण त्यांची नावं कुठल्या म्युझियममध्ये नाहीत. आमच्या धंद्यात याला म्हणतात फक्त यशस्वी केसचा डेटा बघणं.

लुईजनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या उपचाराने दुर्गा जन्मली. त्यांनी भ्रूण त्रेपन्न दिवस गोठवून ठेवून मग सोडला होता. सरकारच्या समितीने दावा उडवून लावला, त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली, आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' दूरदर्शनवर पाहिलेल्यांना हे आठवेल, जरी पिक्चरमध्ये रोग वेगळा आहे. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या टीमने केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडा जन्मली, आणि वर्षानुवर्षं 'भारतातली पहिली' म्हणून तिचंच नाव घेतलं गेलं. पुढे याच आनंद कुमारांनी मुखर्जींच्या वह्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं की पहिले आम्ही नव्हे, ते. असा माणूस विरळा. हर्षा २०१६ मध्ये स्वतः आई झाली.

मला या सगळ्यात केईएमचं विशेष वाटतं, कारण ते महापालिकेचं हॉस्पिटल. १९८६ मध्ये तिथे आलेल्या बाईला घरी जाऊन चाळीत, सासू-जावांच्या गर्दीत ते दिवस काढायचे होते. आणि 'टेस्ट ट्यूब बेबी' या शब्दावर तेव्हा लोक काय काय बोलायचे!

जावांवरून गांधारी आठवली. महाभारतातली शंभर घड्यांची गोष्ट आली की लोक लगेच 'बघा, आपल्याकडे तेव्हाच होतं' सुरू करतात. मला त्यात आयव्हीएफ दिसत नाही. मला त्यात दोन वर्षं गरोदर राहून काहीच न घडलेली, आणि कुंतीला मुलगा झाल्याची बातमी ऐकून स्वतःच्या पोटावर मारून घेणारी बाई दिसते. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या नवव्या दिवशी कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे त्रेचाळीस फोटो आले होते. आणि व्यास गांधारीला काय सांगतात? घडे ठरलेल्या मुदतीपर्यंत उघडायचे नाहीत.

दुसऱ्या वेळी गोठवलेला भ्रूण होता, ट्रिगर इंजेक्शनची भानगड नव्हती. जूनअखेर. ट्रान्सफरनंतर आम्ही गावाला गेलो. 'एवढा प्रवास?' असं विचाराल, तर डॉक्टरांना विचारूनच गेलो. ट्रान्सफरनंतर पडून राहिल्याने फायदा होतो का याच्या पाहण्या झाल्यात. १९९७ च्या एका पाहणीत चोवीस तास झोपवलेल्या आणि वीस मिनिटांत उठवलेल्या बायकांत काही फरक निघाला नाही. त्याहून महत्त्वाचं दुसरं. 'टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने राहत नाही' हे वाक्य बायकोला पहिल्या वेळी निदान दहा जणांनी ऐकवलं असेल, त्यातला एक मी. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास एकत्र केले, ३५८३ बायका. उपचाराआधीच्या चिंतेचा आणि त्या वेळच्या निकालाचा संबंध सापडला नाही. हे तिला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी रडले म्हणून नव्हतं ते." एक वर्ष ती हे मनात घेऊन फिरत होती आणि मला पत्ता नव्हता.

याच बोइव्हिनबाईंनी कार्डिफला डेबोरा लँकॅसल यांच्याबरोबर या दिवसांसाठी एक कार्ड तयार केलंय, २००८ च्या सुमाराचं. दहा छोटी वाक्यं, सकाळ-संध्याकाळ वाचायची. 'सगळं छान होईल' वगैरे त्यात नाही. आहे त्या परिस्थितीत आजच्या दिवसात काय करता येईल तिकडे मन वळवायचं, असा सूर. कार्डाने मूल होण्याची शक्यता वाढत नाही, तसा दावाही नाही. दिवस जरा सुसह्य जातात. बायकोने ते बाजूला ठेवून स्वतःचं केलं, मागच्या पानावर. पहिलं वाक्य: 'आज गूगल नाही.' तिसरं: 'आज केस धुवायचे.' सातवं माझ्याबद्दल आहे, ते इथे देता येत नाही.

गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. पेरणीला आलो, वर्क फ्रॉम होम आहे, एवढंच. किट लावायची सोय गावानेच काढून घेतली. मेडिकलवाला माझा वर्गमित्र, आशाताई आमच्या गल्लीतल्या. किट मागितलं असतं तर निकाल यायच्या आधी गावभर झालं असतं. आमच्याकडे पूर्वी पहिल्या महिन्यांत चोरचोळी करायचे, म्हणजे चार घरच्या बायकांत गुपचूप चोळी द्यायची, बाहेर वाच्यता नाही. मला आधी ती एक लाजरी प्रथा वाटायची. आता वाटतं, ज्या काळी सुरुवातीचे कितीतरी गर्भ टिकत नसत त्या काळी कुणीतरी विचार करून ठरवलेलं असणार की किती जणांना सांगायचं.

पण आईला कळलंच. कसं ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ताटात पपई होती, तिसऱ्या दिवशी घरातली सगळी पपई गायब. एक शब्द विचारला नाही तिने. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या फोनवरही तिने काही विचारलं नव्हतं, फक्त 'जेवली का ती?'

बाबांनी सरकी लावून पाच दिवस झाले होते आणि पाऊस दडी मारून बसला होता. रोज सकाळी ते शेतात जाऊन बोटाने माती उकरायचे, कोंब आलाय का बघायला. मीही उकडून जाऊन उकरायला लागलो. आजी खाटेवरून ओरडायची, "कायले उकरता बाप्पा? उगवाचं असन तं उगवन." हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण खरं सांगू? पंचक्रोशीतला एकूण एक शेतकरी उकरतो. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचे पैसे दुसऱ्यांदा, ते कुठून आणायचे हे पाचव्या दिवसापासूनच ठरवायला लागतं. उकरू नका म्हणणं सोपं आहे. बाबा फक्त एक करायचे, एका ओळीत एकाच जागी उकरायचे आणि माती परत नीट दाबून ठेवायचे. आम्हीही तसंच ठरवलं. रोज रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं, गच्चीवर, काय वाटतंय ते सगळं बोलायचं. मग दिवसभर नाही.

चौदाव्या दिवशी खामगावला जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट दुपारी मोबाइलवर आला. मी धुऱ्यावर होतो, ती घरी. आम्ही आधी ठरवलं होतं की फाइल एकत्र उघडायची, म्हणून मी घरी जाईपर्यंत ती न उघडता बसली होती. अठरा मिनिटं. ते चौदा दिवस एकीकडे आणि ही अठरा मिनिटं एकीकडे.

निगेटिव्ह होता.

आईला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी बायको स्वतः उठून शेजाऱ्यांकडून पपई घेऊन आली आणि ओट्यावर बसून कापली. आईने मीठ पुढे सरकवलं आणि तिच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून अख्खी संपवली, मला एक फोडसुद्धा मिळाली नाही. सरकी दोन दिवसांनी उगवली, साधारण निम्मी. उरलेली दुबार.

तिसऱ्या वेळेची तारीख ठरली आहे. ती इथे लिहीत नाही.